टॉवेलखालच्या चाली

यंदा संताचा सण रमजानात आला.
हॉटेलच्या तळमजल्यावरचा पब महिनाभर बंद,
तेव्हा कुरियाकोसनं संतालाच सांगितलं, जरा थांब,
ईद होऊ दे,
मग घाल काय तो तुझा हिरवा गोंधळ.

तोवर गाणी निवडायची.
जुफेरमधली माझी खोली, चौथा मजला.
पलंगावर कॉरमॅक, मांडीवर फिडल,
उबाल्डोची गिटार कपाटाला टेकलेली,
मारिविक जमिनीवर पाय पसरून,
सोन्याच्या दुकानात दिवसभर उभी असते बिचारी.
मी दारापाशी, बौरान घेऊन.

बौरान म्हणजे, बाबांना फोनवर सांगितलं तसं सांगतो :
चाळणीवर बकऱ्याचं कातडं ताणलंय समजा,
मागून उघडं,
आणि एवढीशी काठी, दोन्ही टोकांनी नाचवायची.
बाबांनी चाळीस वर्षं दशावतारात पखवाज वाजवला.
म्हणाले, म्हणजे अर्धाच.
शाई? नाही.
कणीक? नाही.
मग बोलतं कसं?

बोलतं. पण बोलू द्यायचं नव्हतं.
भिंतीपलीकडचे इजिप्शियन मास्तर
तरावीहनंतर झोपतात ते सहरीला उठतात.
म्हणून बौरानवर टॉवेल,
फिडलच्या घोडीला कपड्याचा चिमटा,
आणि मारिविकचं गाणं ओठांतल्या ओठांत.

कॉरमॅकच्या वहीत एकशे चाळीस चाली,
पानापानावर चहाचे गोल.
हव्यात सतरा.
ही सहाची, तो म्हणतो.
मी म्हणतो, दादरा.
नाही रे, हिला शेवटी उडी आहे.
उडी आमच्याकडेही आहे, म्हटलं, संकासुराला विचार.
मग संकासूर कोण, यात अर्धा तास गेला.

नऊची निघाली तेव्हा मात्र मी गप्प.
दोनदा घसरलो,
तिसऱ्यांदा बोटांची पेरं मोजत बसलो.
मोजायचं सोडलं तेव्हा सापडली,
आणि सापडली म्हणेपर्यंत संपली.

शब्दांची गाणी बघावीत तर सगळी बोटीची.
कोणी चढतंय, कोणी धक्क्यावर उभं,
कोणाचं सात वर्षं पत्र नाही.
कुरियाकोसची अट : रडकं एकच.
गिऱ्हाईक रडायला लागलं
की एका ग्लासावर तासभर बसतं.
उबाल्डो म्हणाला, चार घेऊ, लय वाढवू,
नाचतील लेकाचे, कळणार कोणाला?
आम्ही हसलो.
कॉरमॅक म्हणाला, आमच्याकडे हेच करतात.

मारिविकनं मोठ्या बहिणीचं गाणं मागितलं,
ज्यात धाकटीला बूट पाठवलेत
आणि धाकटीचा पाय तोवर वाढलाय.
का तेच, हे कोणी विचारलं नाही.
तिनं शब्द वहीत आपल्या पद्धतीनं उतरवले,
वाचले तर कोणत्याच भाषेतले वाटत नव्हते.

असं करत सोळा झाल्या.
परीक्षा एकच :
टॉवेलखाली जी तगली ती ठेवली,
जिला नुसताच दणका होता ती गेली,
त्यात माझ्या आवडीच्या तीन.

सतरावी कॉरमॅकनं न विचारता वाजवली.
शब्द नाहीत, ताल नाही,
बौरानला त्यात काही कामच नाही.
मी काठी खाली ठेवली.
एसी बंद केला होता, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला,
आणि फिडलचा आवाज इतका बारीक
की खालच्या टॅक्सीनं हॉर्न दिला
तेव्हा दोन ओळी गेल्याच.
त्यानं त्या परत घेतल्या नाहीत.

ही चालायची नाही, उबाल्डो म्हणाला,
दुसरं रडकं धरेल तो.
कॉरमॅकनं मान हलवली, चिमटा काढून खिशात टाकला.

रात्री बाबांचा पुन्हा फोन.
सण देवाचा ना? मग सुरुवातीला गाऱ्हाणं कोण घालतं?
कोणी नाही, म्हटलं.
असं कसं, म्हणाले, आणि खोकत राहिले.

सकाळी यादी मीच लिहिली, कुरियाकोसला दिली.
त्यानं बोट फिरवत वाचली, नवव्यावर थांबला.
हे काय?
तारा जुळवणे, म्हटलं.
चार मिनिटं?
म्हटलं, एप्रिल आहे, साहेब,
दमट हवेत तारा लवकर उतरतात.